किल्लेदारीचा लखोटा

सांता इरियाचा किल्ला, आफ्रिकेचा किनारा
९ फेब्रुवारी १६८३

बाल्तझारा,

मी गियोमार. तुझ्या आईची आई. आठवत नसेन म्हणून खूण सांगते: बुटकी, डाव्या गालावर तीळ, आणि तू सतरा वर्षांचा होऊन लिस्बनला जाईपर्यंत रोज सकाळी तुझे हरवलेले बूट शोधून देणारी. तिकडे कचेरीत तुला जगभरच्या आपल्या किल्ल्यांची नावं तोंडपाठ आहेत म्हणे. त्यातल्या एका किल्ल्यात आजी राहते, एवढंच काय ते निसटतं.

लिहून घेणारा नेहमीचाच, जमादार फेर्नांव. उजवा हात तोफ फुटून गेला तरी डाव्या हाताने लिहितो, आणि दोन हातवाल्या तुझ्यापेक्षा वेळेवर लिहितो.

बातमी अशी की आपले किल्लेदार दों नुनु गेले. पाच दिवस ताप होता, सहाव्या दिवशी सकाळी खिचपत न पडता गेले. डोंगराकडच्या मूर सरदाराने अंजिरांची टोपली पाठवली आणि निरोप दिला की म्हातारा शत्रू म्हणून फार चांगला होता, असा पुन्हा मिळायचा नाही. अंजीर गोड होते.

आता पुढचं नीट ऐक. रीत तुला माझ्याहून जास्त माहीत. किल्लेदार गेला की वेदीखालच्या पेटीतून राजाचा लखोटा काढायचा, शवपेटीसमोर फोडायचा, आणि आत ज्याचं नाव असेल तो नवा किल्लेदार. तोवर नाव कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून भांडण होत नाही. तर पाद्री बेंतुंनी लखोटा उंच धरून सगळ्यांना दाखवला. लाख मोडली. घसा खाकरला. नव्वद माणसं टोप्या काढून उभी. लोपु सेरांव, आपल्या घोडेस्वारांचा सरदार, त्याने मिशी सारखी केली. तोफखान्याचा त्रिश्तांव बोतु नवा अंगरखा घालूनच आला होता. दोघांनाही आतून वाटत होतं की नाव आपलंच.

आणि पाद्री वाचायला लागले, "प्रिय गियोमार आजी, मी खुशाल आहे. माझ्या मोज्यांना टाचेशी भोकं पडली आहेत."

पाद्री बेंतु आधी वाचतात आणि मग समजतात, हे तुला माहीत आहे. ते थांबलेच नाहीत. घरमालकीण सूपात कोबी नुसता बुडवून परत काढून घेते, हे सगळ्या शिबंदीला कळलं. पावाच्या दुकानातल्या मुलीचे डोळे हिरवे आहेत, हेही कळलं. आणि शेवटी, "आपले किल्लेदार अजून प्रवचनात तोंड उघडं टाकून झोपतात का?"

शवपेटीसमोर, बाल्तझारा! पहिली हसली ती किल्लेदारीणबाई. रडता रडताच हसली. मग सगळं चर्च.

मी हसले नाही. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. सप्टेंबरच्या जहाजाने तुझा लखोटा मलाही आला होता. जाड, लाल लाखेचा, ऐटदार. अकरा महिने पत्राचा पत्ता नाही आणि मग एकदम तो. मला आला राग. म्हटलं, मी अकरा महिने थांबले, आता याचं पत्रही अकरा महिने थांबू दे. न फोडता पिठाच्या पेटीत टाकून दिला. तो अजून तिथेच आहे. एका संध्याकाळी दोन लखोटे बंद केलेस आणि वरची नावं उलटसुलट घातलीस, होय ना? तुझे मोजे राजाच्या पेटीत, आणि राजाचा किल्लेदार माझ्या पिठात.

बाहेर पडल्यावर लोपुने विचारलं, "गियोमारबाई, मग तुमच्याकडे काय आलं?"

मी म्हटलं, "मला? त्याला आजी आठवते कुठे! काही आलं नाही."

सगळ्यांना ताबडतोब पटलं. तुझी कीर्ती उपयोगी पडली. आता लोकांना वाटतंय की खरा कागद लिस्बनलाच राहिला. फेर्नांवला तेवढं खरं सांगितलंय. तो म्हणतो, राजाची मोहोर असलेला कागद खासगी घरात गेला असं उघड झालं, तर लिहिणाऱ्याला पाच वर्षं गलबतावर वल्हं मारायची शिक्षा आहे. तुला तर आंघोळीच्या टबात बसवलं तरी भोवळ यायची.

तेव्हा काय करायचं ते कळव. लवकर कळव. एप्रिलअखेर बार्ली पिकते. ती कापायला तटाबाहेर जावं लागतं, आणि तटाबाहेर जायचं तर हुकूम एका तोंडातून यायला हवा. इथे सध्या दोन तोंडं आहेत.

तुझी आजी
(वर तिने तुमच्याविषयी आणखी तीन वाक्यं सांगितली होती. मी गाळली. – फेर्नांव)


लिस्बन, ३ मार्च १६८३

प्रिय आजी,

तुझं पत्र मी कचेरीच्या जिन्यात उभ्याने वाचलं आणि तिथेच पायरीवर बसलो. होय, तसंच झालं. त्या संध्याकाळी जहाज सुटायच्या घाईत मी दहा किल्ल्यांचे लखोटे बंद करत होतो. तुझं पत्र शेवटी लिहिलं. हिरव्या डोळ्यांच्या विचारात होतो, हे खोटं कशाला सांगू?

ते पत्र सगळ्यांसमोर वाचलं गेलं हे ऐकून अजून कान तापलेत. किल्लेदारीणबाईंना माझा नमस्कार सांग. नको, सांगू नकोस.

आता वाईट बातमी. दों नुनु गेल्याचं कळताच इथून कुमक निघायचं ठरलं आहे. एकशेवीस माणसं, दारू, शिसं, सहा महिन्यांची बिस्किटं. ही बातमी चांगली वाटते ना? कुमकेबरोबर येणारा सरदार ऐक. दों जेरोनिमु. सहा पेटारे, स्वतःचा न्हावी, आणि टोपीला एवढं मोठं पीस. गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठाण्यावर तो साठ माणसं घेऊन गुरांच्या एका कळपामागे तटाबाहेर पडला आणि एकोणीस घेऊन परत आला. गुरं आमिष म्हणून सोडलेली होती. तरी इथे सगळीकडे तो ती आपली जीतच म्हणून सांगतो. त्याच्या हुकुमात स्पष्ट लिहिलंय, मीच नक्कल केली: किल्ल्यात कायदेशीर किल्लेदार असेल तर त्याच्या हाताखाली राहावं, नसेल तर किल्ला स्वतःच्या ताब्यात घ्यावा.

आजी, आपल्या नव्वद माणसांतली निम्मी माझ्याबरोबर खेळून मोठी झाली आहेत.

पिठातल्या कागदात नाव कोणाचं ते मला आठवत नाही. रागावू नकोस. दहा कागद, दहा नावं, मी नुसता हात चालवत होतो. फेर्नांवकाकांकडून तो हळूच उघडून घे. सुरी तापवून लाखेखालून घातली तर मोहोर मोडत नाही. नाव लोपुचं असो की त्रिश्तांवचं, निदान दोघांतला एक बाजूला होईल. मग तो कागद माझं नाव न येता कसा बाहेर काढायचा, ते मी शोधतो.

जहाज एप्रिलच्या मध्याला सुटेल.

तुझा
बाल्तझार

ता. क. मोजे अजून तसेच आहेत.


सांता इरिया, १६ मार्च १६८३

बाल्तझारा,

पत्र बारा दिवसांत आलं आणि उत्तरही लगेच चाललंय. संकट आलं की तुझी आठवण कशी घासूनपुसून लखलखीत होते!

भर दुपारी दार लावून लखोटा उघडला. मी सुरी तापवली, फेर्नांवने घातली. मोहोर अखंड निघाली. त्याने कागद खिडकीशी नेला. वाचला. पाणी प्यायला. पुन्हा वाचला.

मी म्हटलं, "किती लांब नाव आहे रे? राजाचं आहे का?"

तो म्हणाला, "दिओगु रेबेलु."

दिओगु रेबेलु ऑक्टोबरातच गेला, चर्चच्या मागे पुरलाय. म्हणजे कागद असूनही नसल्यासारखाच. मी सुरी पाण्यात टाकली, ती चुरचुरली. कागद परत पिठात ठेवलाय. फेर्नांवने लाख पुन्हा चिकटवली, मला वाटतं उगाच. मेलेल्या माणसाला कोण चोरतंय?

इकडची तऱ्हा सांगते. तुझ्या वेळी कसं होतं: सकाळी टेहळणीचे चार स्वार बाहेर जाऊन सगळ्या घळी बघून यायचे, मग बुरुजावरची घंटा व्हायची, मग आम्ही बायका विळे घेऊन गवताला. संकट दिसलं तर तोफेचा एक बार, की सगळे आत. आता स्वार लोपुचे, आणि घंटा आणि तोफ त्रिश्तांवच्या ताब्यात. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. परवा लोपुच्या स्वारांनी हात हलवून सांगितलं, मैदान मोकळं आहे. आम्ही चाळीस बायका निम्म्या वाटेवर गेलो तर मागून तोफ. परत फिरलो तर घंटा. त्रिश्तांव म्हणाला, लोपुने मला विचारलं नव्हतं. लोपु म्हणाला, मी कशाला विचारू? मी आपली गवताच्या भाऱ्यावर मैदानातच बसले. म्हटलं, तुमचं ठरलं की मला उचलून न्या, कुठल्या बाजूला ते तुम्हीच बघा. समोरच्या टेकडीवर पलीकडचे दोन मेंढपाळ पोट धरून हसत होते. ते हसतात तोवर बरं आहे. त्यांच्या सरदाराला हिशेब कळला की इथे दोन किल्लेदार म्हणजे एकही नाही, तर तो हसत बसणार नाही.

आणि वर तुझा तो पीसवाला येणार. आमच्या पोरांना गुरांमागे पाठवणार. मी काही करू शकत नाही असं आयुष्यात दोनदाच वाटलं. एकदा तुझी आई गेली तेव्हा, आणि आता.

एक मात्र बरं झालं. गेल्या आठवड्यापासून रात्रपहारा बिनबोभाट बदलतो, बिस्किटांची वाटणी होते, पडलेला तट दुरुस्त झाला. कसं ते देवाला ठाऊक.

तुझी आजी

बाल्तझार,
खालचा मजकूर मी तुमच्या आजीला वाचून दाखवलेला नाही. मी खोटं बोललो. कागदात दिओगुचं नाव नाही. माझं आहे. "जमादार फेर्नांव पिरिस, एकतीस वर्षं चाकरी, शिबंदीतल्या प्रत्येक माणसाचं नाव, वय आणि झोपायची जागा जाणणारा एकमेव." ही दों नुनुंची भाषा आहे. त्यांनीच शिफारस धाडली असणार. मला कधी बोलले नाहीत.

हा कागद बाहेर काढला की पहिला प्रश्न येईल तो होता कुठे, आणि तुम्ही वल्ह्याला बांधले जाल. तुमची आजी ते सोसणार नाही. दुसरं म्हणजे, मी कसला किल्लेदार? एक हात, खानदान नाही, लोपु स्वतः बसतो, पण मला बस म्हणून खुर्चीसुद्धा देत नाही. काम तसंही चाललंय. मी रोज संध्याकाळी लोपुकडे जाऊन सांगतो की त्रिश्तांवने तुमचं म्हणणं मानलं; मग त्रिश्तांवकडे जाऊन सांगतो की लोपुने तुमचं मानलं. दोघंही खूश असतात. फक्त गवताच्या दिवशी मला तापाने उठता आलं नाही.

तिला कळवू नका.
फेर्नांव पिरिस


लिस्बन, ३० मार्च १६८३

पाद्री बेंतु यांस,

हे पत्र तुमच्या पत्त्यावर धाडतो आहे. कृपा करून माझ्या आजीला घरी बोलावून तुम्ही स्वतः वाचून दाखवा. जमादार फेर्नांवच्या हातात देऊ नका. आणि या वेळी आधी स्वतः वाचून समजून घ्या, मग मोठ्याने वाचा, ही विनंती.

प्रिय आजी,

फेर्नांवकाकांनी तुला फसवलंय. कागदात नाव त्यांचंच आहे. मला वाचवायला ते गप्प बसले. लखोटे उलटे घातले मी, आणि किल्लेदारी गमावताहेत ते, वरून म्हणतात काम तसंही चाललंय.

मी दोन दिवस विचार केला. गुरांच्या त्या कळपामागे गेलेल्या साठ माणसांची यादी अजून आमच्या दप्तरात आहे. एकेचाळीस नावांपुढे फुल्या आहेत, त्या माझ्याच हाताच्या. तशी दुसरी यादी मी लिहिणार नाही. तू तो लखोटा बाहेर काढ. दों जेरोनिमु उतरायच्या आत, नाहीतर उतरल्यावर, पण सगळ्यांसमोर काढ. माझं नाव येऊ दे. आमचे साहेब ईस्टरसाठी आपल्या मळ्यावर गेलेत, मेच्या एक तारखेला परततील. त्या दिवशी सकाळी मी स्वतः त्यांच्यापुढे उभा राहून कबूल करणार आहे. विसरणार नाही. हातावर शाईने लिहून ठेवलंय.

हे मच्छीमार होडीने पाठवतो, जहाजाच्या आधी पोचेल.

तुझा
बाल्तझार


सांता इरिया, २२ एप्रिल १६८३

बाल्तझारा,

आधी हातावरची शाई धुऊन टाक. साबण लावून. साहेबांपुढे एक अक्षर बोलायचं नाही. का ते सांगते. जहाज उद्या परत निघतंय, एक मेच्या आत हे तुझ्या हातात पडेल.

तुझं पत्र पाद्री बेंतुंनी पवित्र आठवड्यात वाचून दाखवलं. आधी मनात वाचलं, मग मोठ्याने, दोन्ही वेळा रडले. मी उठले आणि थेट फेर्नांवकडे गेले. तो तटावर बिस्किटांची पोती मोजत होता.

मी विचारलं, "कागदात नाव कोणाचं?"

"सांगितलं ना, दिओगुचं."

"माझ्याकडे बघून सांग."

तो पोत्याकडे बघून म्हणाला, "दिओगुचं."

"अरे लबाडा," मी म्हटलं, "तीस वर्षं माझी पत्रं लिहितोस, माझ्या जेवणावर पोसलास, आणि मला वाचता येत नाही याचा फायदा घेतोस?"

तो म्हणाला, "पोरगा वल्ह्याला जाईल, गियोमारबाई."

"पोरगा कुठेही जाणार नाही. वाचता येत नसण्याचा फायदा घ्यायचा तर तो मी घेईन. माझी मिळकत आहे ती."

परवा दुपारी कुमक उतरली. एकशेवीस माणसं, निम्मी अजून ओकत. दों जेरोनिमु सगळ्यात शेवटी, पीस ओलं होऊ नये म्हणून दोघांनी उचललेला. तडक चर्चमध्ये आला, वेदीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "कायदेशीर किल्लेदार कोण?"

लोपु पुढे आला. त्रिश्तांवही पुढे आला.

"दोन म्हणजे एकही नाही," तो म्हणाला. "किल्ला माझ्या ताब्यात. येताना मी पाहिलं, पलीकडच्या घळीपाशी शंभरेक गुरं मोकळी चरतायत. उद्या सकाळी दीडशे माणसं घेऊन बाहेर पडू."

बायकांच्या बाजूला माझ्याशेजारी इनेश उभी होती. तिचे दोन्ही मुलगे स्वारांत आहेत, तिने माझा दंड धरला तो अजून निळा आहे. मी तो सोडवला आणि पुढे गेले. शालीखालून लखोटा काढला. पीठ झटकलं, ते थोडं त्याच्या बुटांवर पडलं.

"सरकार," मी म्हटलं, "कबुली द्यायची आहे. राजाचा कागद माझ्याकडे आहे. मी चोरला."

"तू?"

"तीस वर्षं मी वेदीवरची कापडं धुते. पेटीची किल्ली कुठे टांगलेली असते ते मला माहीत. गेल्या वर्षी एकाच थैलीतून दोन लखोटे आले, एक राजाचा पेटीसाठी आणि एक माझ्या नातवाचा माझ्यासाठी. माझा नातू लिस्बनला कारकून आहे. मला वाचता येत नाही, पण मनात आलं, बघू तरी, माझ्या नातवाचं अक्षर राजाच्या कागदावरच्या अक्षराइतकं चांगलं आहे का. म्हणून दोन्ही वाफेवर उघडले, शेजारी शेजारी ठेवून बघितले, आणि परत घालून बंद केले. काय कुठे घातलं कोण जाणे! मला सगळी अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात."

सगळा किल्ला ऐकत होता. सगळ्यांना ठाऊक होतं की मी खोटं बोलतेय, कारण कपडे धुवायच्या दिवशी माझ्याबरोबर नेहमी इनेश असते. आणि लोपुला तर मी स्वतः सांगितलं होतं की काही आलंच नाही. मी लोपुकडे बघितलं. त्याने मिशी सारखी केली आणि छताकडे बघत राहिला. त्याचाही भाऊ पहाऱ्यावर असतो.

दों जेरोनिमुने लखोटा फोडला. पाद्री बेंतुंनी जपून ठेवलेलं तुझं मोज्यांचं पत्रही मागवलं. दोन्ही कागद उजेडात धरले. त्याचे डोळे बारीक झाले. पुढे काय येणार ते मला कळलं, बाल्तझारा.

"हे तर एकच अक्षर आहे!" तो ओरडला.

मी हात जोडले. "बघा! मी म्हणत नव्हते? माझा नातू अगदी राजासारखं लिहितो!"

आधी किल्लेदारीणबाई हसली, मग सगळे. त्याची माणसंसुद्धा, ओकायचं थांबवून. आता हसणाऱ्या दोनशे माणसांसमोर त्र्याहत्तर वर्षांच्या अडाणी म्हातारीला बेड्या कोण घालणार? तो लालबुंद झाला, पण हुकूम त्याच्याच खिशात होता आणि तो त्यालाच पाळायचा होता. त्याने नाव वाचलं. "फेर्नांव पिरिस कोण?"

कोणी पुढे येईना. फेर्नांव खांबामागे होता. शेवटी त्रिश्तांवने त्याला खांद्याला धरून बाहेर आणला, आणि तोफखान्याच्या त्या अकडू माणसाने काय करावं? टोपी काढली. म्हणाला, "रोज संध्याकाळी हा मला सांगायचा, लोपुने मानलं म्हणून." लोपु म्हणाला, "मलाही हेच सांगायचा!" दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग लोपुनेही टोपी काढली.

आता दोन दिवसांची किल्लेदारी ऐक. एकशेवीस नवी माणसं एका जागी ठेवली नाहीत. चार नवे आणि तीन जुने अशा टोळ्या केल्या, म्हणजे नव्याला घळी माहीत होतील आणि जुन्याला झोप मिळेल. घंटा लोपुला दिली आणि टेहळणीचे स्वार त्रिश्तांवला. उलटं का, असं मी विचारलं, तर म्हणाला, आता एकाला दुसऱ्याशी बोलल्याशिवाय काहीच करता येत नाही. खरंच बोलतात. ओरडून बोलतात, पण बोलतात. दों जेरोनिमुला समुद्राकडचा तट दिला. तिकडून कोणी येत नाही, वारा मात्र भरपूर, पीस दिवसभर फडफडतं आणि गावभर दिसतं. खूश आहे. काल संध्याकाळी ती गुरं आपसूक घळीत परत गेली आणि मागोमाग घळीत दडलेले चाळीसेक घोडेस्वार निघून डोंगराकडे गेले. तटावरून सगळ्यांनी मोजले. दों जेरोनिमुनेही मोजले.

सोमवारपासून बार्लीची कापणी. एक घंटा, सगळे बाहेर.

माझ्या अपराधाचा अहवाल दों जेरोनिमुने लिहिलाय, तो याच जहाजाने येतोय आणि नक्कल करायला तुझ्याच टेबलावर पडेल. त्यात मला "मूर्ख, अडाणी आणि बेजबाबदार थेरडी" म्हटलंय. फेर्नांवने वाचून दाखवलं. त्यातला एक शब्दही सुधारायचा नाही. "थेरडी" चांगल्या वळणदार अक्षरात काढ.

हे पत्रही त्यानेच लिहिलंय. आता किल्लेदारसाहेब म्हणायला हवं. काल म्हणून बघितलं, तो इतका लाजला की शाई सांडली, म्हणून परत "अरे फेर्नांव" सुरू केलंय. तुला सांगायला सांगतो की मोठा झालास. मी म्हटलं, ते मी ठरवीन.

राहिली माझी शिक्षा. दों जेरोनिमुला काही सुचायच्या आत पाद्री बेंतुंनी घाईघाईने सुनावली: वेदीची पेटी उघडल्याबद्दल सेंट जॉनच्या सणापर्यंत मांस वर्ज्य. म्हणजे दोन महिने. ईस्टरचा उपास सोडून नुकतं कोकरू शिजवलं होतं मी. रविवारी एक तुकडा खाल्ला, मंगळवारी शिक्षा. आणि कुमकेतले दोन जण माझ्याच घरी उतरलेत, माझ्यासमोर बसून माझंच कोकरू बोटं चाटत खातात आणि विचारतात, "आजी, तुम्ही नाही घेत?"

तेव्हा मोज्यांचं नंतर बघू. पुढच्या जहाजाने सुकवलेला कॉड मासा पाठव. सहा नग, मोठे. शेपटीकडचे देतील, ते घ्यायचे नाहीत, मधला जाड भाग बघून घे, पिवळा पडलेला नको. बरोबर चणे आणि एक बुधली ऑलिव्हचं तेल. लसूण इथे आहे. आणि मासा कडक हवा: दारावर आपटला तर शेजारणीने "कोण आलं?" म्हणून विचारलं पाहिजे.

तुझी आजी
गियोमार